मुंबईच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी आकाश कसं बघायचं

"दुर्बीण कुठली घेऊ?" असं मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात, बहुतेक वेळा मुलाचा वाढदिवस तोंडावर आला की, आणि मी सगळ्यांना एकच सांगते, आत्ता काही घेऊ नका, आधी वर्षभर नुसत्या डोळ्यांनी बघा. टायको ब्राहे हा डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ १६०१ साली गेला तेव्हा आकाशाकडे दुर्बीण कोणी वळवलेलीच नव्हती, आणि त्याने नुसत्या डोळ्यांनी केलेल्या मंगळाच्या नोंदी घेऊनच त्याचा मदतनीस केप्लर याने १६०९ मध्ये दाखवलं की मंगळ गोल वर्तुळात नाही, लंबवर्तुळात फिरतो. म्हणजे एवढं मोठं कोडं डोळ्यांनी घेतलेल्या नोंदींवर सुटलंय. आणि त्यातलं बरंचसं तुम्ही मुंबईत बसून स्वतः करून बघू शकता, कोणाच्या सांगण्यावर विश्वास न ठेवता.

मुंबईत काय दिसणार, हा पुढचा प्रश्न. आकाशगंगा दिसणार नाही, ती बघायची तर वांगणीला वगैरे जावं लागतं, खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिकडे होतात ते एकदा नक्की करा. पण सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह हे सातही जण दादरच्या पुलावरूनसुद्धा दिसतात, शिवाय पंधरा-वीस ठळक तारे. जुन्या लोकांनी सूर्यमालेबद्दल जो काही विचार केला तो मुख्यतः या सात जणांच्या चालीवरून केला, त्यामुळे आपलं साहित्य पुरेसं आहे. पाऊस संपला की ऑक्टोबरअखेरचे दिवस मस्त असतात, हवा धुतलेली असते, नंतर थंडीत क्षितिजाजवळ धुरकट होतं पण डोक्यावरचं आकाश चालतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहा म्हणजे रस्त्याच्या दिव्याचा उजेड डोळ्यात येत नाही, मोबाईल खिशात ठेवा, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. आल्या आल्या वर बघून "काहीच दिसत नाहीये" म्हणून खाली जाणारे खूप असतात, त्यांचे डोळे अजून ट्यूबलाइटमध्येच असतात.

आता मोजायचं कसं. हात पूर्ण ताठ पुढे करा, मूठ वळा, एक डोळा मिटा. मुठीची रुंदी साधारण १० अंश. करंगळीच्या टोकाची रुंदी १ अंश. मधली तीन बोटं जोडून ५ अंश. लहान मुलांचा हात छोटा पण हाताची लांबीही तेवढीच कमी, त्यामुळे हिशोब जवळपास तोच येतो. पौर्णिमेचा चंद्र करंगळीने झाकून बघा, सहज झाकला जातो, कारण तो फक्त अर्धा अंश आहे. क्षितिजावर कितीही मोठा वाटला तरी करंगळी लावली की तेवढाच निघतो, हे बघून मोठी माणसंही गप्प होतात.

पहिला प्रयोग ध्रुवाचा. माझा भाचा चौथीत असताना त्याला गच्चीवर नेलं, मार्चमधली रात्र होती, ईशान्येला सप्तर्षी वर आले होते. सप्तर्षींच्या पतंगासारख्या आकारातल्या चौकोनातले पुढचे दोन तारे, पुलह आणि क्रतु, त्यांना जोडून रेघ तशीच पुढे न्यायची, त्या दोघांत जेवढं अंतर आहे त्याच्या साधारण पाचपट गेलं की ध्रुव. त्याला वाटलं होतं ध्रुव सगळ्यात तेजस्वी असणार. तसा तो नाहीच, मध्यमच आहे, मुंबईत तर उत्तरेला उजेड असेल तर शोधावा लागतो. सापडल्यावर त्याला म्हटलं आता क्षितिजापासून मुठी मोज, एकावर एक ठेवत. त्याने दोनदा मोजलं, दोन मुठींना जरासं कमी. म्हणजे १९ अंश, आणि मुंबईचा अक्षांशही १९. "मावशी, मग दिल्लीला?" असं त्याने आपणहून विचारलं तेव्हा मला इतका आनंद झाला, कारण सगळी गंमत त्या प्रश्नातच आहे. दिल्लीला तीन मुठींना थोडं कमी, कन्याकुमारीला एक मूठसुद्धा नाही. जमीन सपाट असती तर गावागणिक ध्रुव असा वरखाली झाला नसता. ॲरिस्टॉटलने पृथ्वी गोल असल्याचं सांगताना अशाच पुराव्याचा आधार घेतला होता, दक्षिणेकडे गेलं की जे तारे दिसतात ते उत्तरेत दिसत नाहीत.

हेच दक्षिणेकडे बघायचं असेल तर फेब्रुवारीत रात्री नऊच्या आसपास व्याध शोधा (मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की सरळ व्याधावर जाते, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा) आणि व्याधाच्या खाली दक्षिण क्षितिजाकडे या, तिथे एकटा चमकणारा अगस्त्य. मुंबईत तो जास्तीत जास्त १८ अंश वर येतो. म्हणजे उत्तरेला ध्रुव दोन मुठींवर आणि दक्षिणेला अगस्त्य दोन मुठींवर, आणि मध्ये आपण. दिल्लीकरांना अगस्त्य जेमतेम एक मूठ वर मिळतो. आपल्याला मिळालेली ही जागा मला फार आवडते.

आता चंद्र. यासाठी लागणारं पुस्तक बहुतेकांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं आहे, कालनिर्णय. आपण त्यात संकष्टीचा चंद्रोदय बघतो, दुधाचा हिशोब लिहितो, पण तिथी म्हणजे काय हे फारसं कोणी सांगत नाही. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून आकाशात १२ अंश पुढे सरकायला लागणारा वेळ, बस. १२ अंश म्हणजे एक मूठ आणि दोन करंगळ्या. अमावास्येला दोघं एकत्र, मग प्रत्येक तिथीला एक मूठ दोन करंगळ्या, अशा तीस तिथ्या झाल्या की ३६० अंश, पुन्हा अमावास्या. करून बघा, शुद्ध पंचमीला सूर्य मावळला त्या जागेपासून चंद्रापर्यंत तिरकं मोजत जा, पाच ते सहा मुठींच्या मध्ये येईल. अष्टमीला नऊच्या आसपास. पौर्णिमेला अठरा, म्हणजे सूर्य समुद्रात जातो तेव्हा चंद्र बरोबर पाठीमागून उगवतो. कोजागरीला एकदा दूध आटवायला ठेवण्याआधी वर जाऊन एकाच वेळी दोन्ही बाजू बघा. संकष्टीचा चंद्रोदय दिलेला असतो तो सपाट क्षितिजाचा, बोरिवली-कांदिवलीवाल्यांना मध्ये नॅशनल पार्कचे डोंगर आहेत त्यामुळे थोडा उशिरा दिसतो, उपास सोडायची घाई असेल तर हे माहीत असलेलं बरं. आणि दुसऱ्या दिवशी तोच चंद्र सरासरी पन्नास मिनिटं उशिरा.

चंद्राच्या कला का होतात यासाठी एक रबरी चेंडू घ्या. शुद्ध अष्टमीच्या दुपारी चार वाजता गच्चीवर जा, सूर्य पश्चिमेकडे कललेला असतो आणि चंद्र पूर्वेला चांगला वर आलेला असतो, दिवसाच. चेंडू उन्हात धरा, चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा. चेंडूचा जेवढा भाग उजळलाय तेवढाच चंद्राचा, तीच बाजू, तीच तिरकी रेघ. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा हात खालीच येईना. वर्गात वर्तुळं काढून जे समजलं नव्हतं ते पन्नास रुपयांच्या चेंडूने समजलं. याच अर्ध्या चंद्रावरून सामोसचा ॲरिस्टार्कस, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला, सूर्य किती लांब हे काढायला निघाला. चंद्र बरोबर अर्धा असताना सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन त्याने ८७ अंश धरला, त्यावरून सूर्य चंद्राच्या १८ ते २० पट लांब आला. खरा कोन ९० च्या अगदी जवळ आहे आणि सूर्य जवळजवळ ४०० पट लांब आहे. आकडा चुकला, पण सूर्य पृथ्वीपेक्षाही खूप मोठा आहे हे बरोबर निघालं, आणि सूर्य मध्ये ठेवून पृथ्वीला फिरवायचा विचार मांडणाराही हाच माणूस, सोळाव्या शतकात कोपर्निकसने तेच पुन्हा मांडलं त्याच्या अठराशे वर्षं आधी.

चंद्र ताऱ्यांमधूनही चालतो, दिवसाला १३ अंश, म्हणजे तासाला स्वतःच्या रुंदीएवढा. रोहिणीसारख्या ठळक ताऱ्याजवळ असेल त्या दिवशी आठ वाजता आणि अकरा वाजता बघा, सरकलेला कळतो. आणि मराठी महिन्यांची नावं यातूनच आली, पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ तो महिना, चित्रा-चैत्र, विशाखा-वैशाख, कृत्तिका-कार्तिक. दत्तजयंतीच्या रात्री वर बघा, मार्गशीर्षाची पौर्णिमा, चंद्र मृगाच्या आसपासच असतो.

सूर्याचा प्रयोग जरा चिकाटीचा आहे, आणि आधीच सांगते, सूर्याकडे थेट बघायचं नाही, अगदी क्षितिजाला टेकून लाल झाला की नुसती नजर टाकायची आणि खूण करायची. माझ्या पश्चिमेच्या खिडकीला उभ्या गजांचं ग्रिल आहे, गजांमध्ये दहा सेंटीमीटर अंतर. खिडकीपासून मीटरभर लांब एक स्टूल ठेवायचं, जागा फरशीवर पेन्सिलने आखलेली, त्यावर बसून ज्या गजापाशी सूर्य मावळतो तिथे रंगीत टेप चिकटवायची आणि तारीख लिहायची. आठवड्यातून एकदा, रविवारी. एक गज म्हणजे साधारण साडेपाच अंश. मार्चमध्ये सूर्य दोन आठवड्यांत एक गज ओलांडतो, इतका भरभर जातो. आणि डिसेंबरमध्ये? १० डिसेंबर ते २ जानेवारी टेपवर टेप, जवळपास एकाच जागी. २१-२२ डिसेंबरला तो दक्षिणेचं टोक गाठून परत फिरतो पण ते फिरणं इतकं हळू की दिवस नेमका सांगता येत नाही. मुंबईत पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस अंश असा त्याचा झोका आहे, जूनचं टोक मला कधी नीट मिळत नाही कारण पाऊस, आणि समोर नवा टॉवर झाल्यापासून नोव्हेंबरातले पंधरा दिवसही गेले. तरी चालतं, वहीत तेवढी जागा रिकामी सोडायची.

यातून एक गोष्ट हाती लागते. आपण १४ जानेवारीला उत्तरायण म्हणतो, पण माझ्या ग्रिलवर संक्रांतीपर्यंत सूर्य दोन अंश उत्तरेला आलेलासुद्धा असतो. कारण संक्रांत ताऱ्यांवरून मोजतात, सूर्य मकर राशीत शिरला की, आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार हळू डोलतो त्यामुळे ऋतू आणि तारे यांची जोडी सरकत जाते. साधारण १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी होतं. म्हणजे परंपरेत चूक झाली असं नाही, त्यांनी बघून ठरवलं होतं, नंतर बघणं थांबलं.

छोटा प्रयोग अजून एक, १५-१६ मेच्या दुपारी स्टीलचा उभा डबा गच्चीवर ठेवा, १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास त्याची सावली गायब होते, सूर्य बरोबर डोक्यावर. जुलैअखेर पुन्हा होतं पण तेव्हा ढग. बाराला का नाही, तर आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आहे आणि मुंबई त्याच्या पश्चिमेला, ३९ मिनिटं मागे. पूर्वी मुंबईची वेळ वेगळीच असायची ती याचमुळे.

आता ग्रह. ओळखायला सोपं, तारे लुकलुकतात, ग्रह सहसा नाही, आणि ग्रह नेहमी चंद्र ज्या वाटेने जातो त्याच वाटेवर असतात, सप्तर्षींमध्ये कधीच नाही. सगळ्यात झगझगीत तो शुक्र, संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला. तसाच ठळक पण शांत पांढरा, मध्यरात्रीसुद्धा दिसू शकतो तो गुरू. तांबूस मंगळ, पिवळट मंद शनी. बुधासाठी आपण भाग्यवान आहोत, वरळी सी फेस किंवा दादर चौपाटी, समोर उघडा समुद्र, आणि आपल्याकडे ग्रहांची वाट क्षितिजाला उभी येते, युरोपात ती बऱ्याचदा आडवी पडते. सूर्य मावळून चाळीस मिनिटांनी बघायचं, तो वर्षातून थोडेच दिवस मिळतो.

यांचा वेग बघितला की वारांची नावं उलगडतात. ताऱ्यांमधून एक फेरी मारायला शनीला साडेएकोणतीस वर्षं, गुरूला बारा, मंगळाला जवळपास दोन, सूर्याला एक, मग शुक्र, बुध, आणि चंद्राला सत्तावीस दिवस. जो हळू तो लांब, असा जुना अंदाज, आणि ढोबळमानाने बरोबर. साडेसाती म्हणतो ती म्हणजे शनीची तीन राशींतली प्रत्येकी अडीच वर्षं, नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो कारण गुरू सिंहेत यायला बारा वर्षं लागतात, २००३ ला होता, २०१५ ला होता. शनीने माणसाचं काय होतं यावर माझा विश्वास नाही, पण त्याची चाल मोजणाऱ्यांवर पूर्ण आहे. बरं, वार. दिवसाचा एकेक तास, म्हणजे होरा, या क्रमाने एकेका ग्रहाला द्यायचा, शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, पुन्हा शनी. चोवीस तास सातने भागले की तीन उरतात, म्हणून दुसऱ्या दिवसाचा पहिला तास तीन घरं पुढच्याचा. शनीनंतर बोटांवर तीन मोजा, रवी. रवीनंतर तीन, चंद्र म्हणजे सोम. त्यानंतर मंगळ. आता पुढचे तुम्ही मोजा.

पण यात एक अडचण जुन्या लोकांनाही टोचत होती. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांच्या पलीकडे कधी जातच नाही, पाच मुठी नाहीतच, आणि बुध तर २८. सरासरी काढली तर सूर्य, शुक्र, बुध तिघांनाही एकच वर्ष, मग आधी कोण? यावर बरेच वाद झाले. पृथ्वी मध्ये धरली तर या दोघांना सूर्याला दोरीने बांधल्यासारखं ठेवावं लागतं. ते सूर्याभोवतीच फिरतात म्हटलं की दोरी लागत नाही. केरळचे नीलकंठ सोमयाजी १५०० च्या सुमारास अशाच मांडणीपर्यंत आले होते, ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती, नंतर टायकोनेही तसंच मांडलं.

दुसरी अडचण वक्री ग्रह. मंगळ महिनोन्महिने ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकतो, मग थांबतो, दोन-अडीच महिने उलटा जातो, पुन्हा सरळ. टॉलेमी या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाने दुसऱ्या शतकात यासाठी वर्तुळावर वर्तुळ बसवलं, आपल्या जुन्या ज्योतिष-ग्रंथांतही, म्हणजे सिद्धान्तांतही, तशी वर्तुळं आहेत, आणि त्यातून ग्रह कुठे असेल हे बऱ्यापैकी बरोबर सांगता यायचं. त्यांना वेड्यात काढू नका. पृथ्वी फिरतेय असं अंगाला काहीच जाणवत नाही, आणि ती फिरत असेल तर जवळचे तारे वर्षभरात थोडे हललेले दिसायला हवेत, ते दिसत नव्हते. ते हलणं पहिल्यांदा खात्रीने मोजलं गेलं १८३८ साली. आर्यभटाने ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे सांगताना नावेचं उदाहरण दिलं, पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या गोष्टी मागे जाताना दिसतात तसे तारे पश्चिमेला जाताना दिसतात. गेटवेवरून घारापुरीची लाँच पकडा आणि धक्क्याकडे बघा, तेच. तरी ब्रह्मगुप्तासारख्या थोर माणसाला ते पटलं नव्हतं.

वक्रीचं उत्तर मात्र लाँचमध्ये नाही, लोकलमध्ये आहे. फास्ट गाडीत दाराशी उभे आहात, शेजारच्या ट्रॅकवर स्लो गाडी त्याच दिशेने चाललीय. आपली गाडी तिला मागे टाकते तेवढा वेळ ती मागच्या बिल्डिंगांच्या समोरून उलटी जाताना दिसते, जात असते पुढेच. पृथ्वी फास्ट, मंगळ स्लो. कोपर्निकसने १५४३ मध्ये हेच म्हटलं, पृथ्वीलाही एक ट्रॅक द्या, सगळ्यांच्या उलट्या चाली एकदम सुटतात. आणि म्हणूनच मंगळ वक्री असतो तेव्हा सगळ्यात जवळ, सगळ्यात तेजस्वी आणि आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो, कारण तेव्हाच आपण त्याच्या शेजारून जात असतो.

हे स्वतः बघायची पुढची संधी २०२७ च्या सुरुवातीला. १९ फेब्रुवारीला मंगळ सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो, सिंहेत, मघा ताऱ्याच्या जवळपास, आणि गुरूही त्याच भागात आहे, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. डिसेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत आठवड्यातून एक रात्र. वहीच्या एका पानावर मघा आणि सिंहेचा कोयता (मघेपासून वर कोयत्यासारखे वाकलेले तारे) ठिपक्यांनी काढून घ्या, दरवेळी मंगळाचा ठिपका टाका, मघेपासून किती बोटं आणि कुठल्या बाजूला एवढंच मोजून, शेजारी तारीख. एखादा आठवडा चुकला तर चुकू दे, पान बदलू नका, सगळे ठिपके एकाच पानावर हवेत. एप्रिलअखेर जोडा, रेघ मागे वळून पुन्हा पुढे गेलेली दिसेल.

आणि २०२८ च्या ३१ डिसेंबरला रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे, भारतातून दिसणारं, साडेदहाच्या आसपास चंद्र पूर्ण सावलीत. त्यासाठी आधीच एका कागदावर रुपयाचं नाणं ठेवून आठ-दहा गोल काढून ठेवा. ग्रहण लागलं की दर दहा मिनिटांनी एकेका गोलात सावलीची कड जशी वाकलेली दिसते तशी काढायची, घाई नको. दुसऱ्या दिवशी कंपास घेऊन त्यातली एखादी चांगली आलेली कड पुढे वाढवा आणि अख्खं वर्तुळ पुरं करा. ती पृथ्वीची सावली. नाण्याच्या अडीच पटीहून थोडी मोठी यायला हवी.